‘कोच बदला’ असं रात्री साडेबाराला टाकलेल्या भावासाठी

पत्र (जरा कापून घेतलंय):

‘ताई, मी कोल्हापूरचा, वय २६, एका तालमीच्या फुटबॉल टीममधनं लेफ्ट बॅक (डाव्या बाजूचा बचाव) खेळतो. कोच म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, बिनपगारी. आम्ही दोघं लहानपणापासून मँचेस्टर युनायटेडवाले. तो म्हणतो प्लेअरच बिनकामाचे, मॅनेजर बिचारा काय करणार. मी म्हणतो मॅनेजर हाकला. हे भांडण दहा वर्षं मजेत चाललं होतं. पण यंदा आमचीच टीम ओळीनं चार मॅच हरली, त्यात तीन गोल कॉर्नरवरून खाल्ले, तेही सेम टू सेम. चौथी हरल्यावर रात्री साडेबाराला मी टीमच्या ग्रुपवर टाकलं, “कोच बदला, नायतर टीम बुडाली.” दादा ग्रुप सोडून गेला. तीन आठवडे झाले, घरात बोलत नाही, आई दोघांना वेगवेगळं वाढते. प्रॅक्टिसला सोळातले पाच-सहाच येतात, सगळे नोकरीवाले. तालमीच्या मंडळानं स्पर्धेच्या आठ दिवस आधी बाहेरचे दोन प्लेअर आणून “यांना खेळवायचंच” म्हणून सांगितलं होतं. मला दोन मॅच बाहेर बसवलं तो भाग वेगळा. तर खरं सांगा, टीम हरते तेव्हा चूक कोचची का प्लेअरची?’

भावा,

या सदरात मला रोज येतात ती पत्रं सासूची, नवऱ्याची, नाहीतर प्लॉटच्या वाटणीची, त्यामुळं तुझं पत्र आलं तेव्हा चहा बाजूला ठेवून वाचलं. शाहू स्टेडियमला बाबांचं बोट धरून जायचे मी, आणि तेव्हापासून हे भांडण ऐकतेय. पेठेतली म्हातारी माणसं गॅलरीत बसून कोचला जे काही बोलायची ते इथं छापता येणार नाही.

पहिल्यांदा माझं पाप सांगते म्हणजे मी वरून बोलतेय असं तुला वाटणार नाही. मी आर्सेनलवाली आहे, तुमच्याच इंग्लिश लीगमधला दुसरा क्लब. (हसून घे.) ऑगस्ट २०२१ ला मँचेस्टर सिटीनं आमची ५-० अशी धुलाई केली, तीन मॅच झाल्या होत्या, एक पण गोल नाही, एक पण गुण नाही, टेबलात सगळ्यात खाली, आणि त्याआधीचे दोन सीझन आठवे. मी त्या रात्री भावंडांच्या ग्रुपवर ‘आर्टेटा आउट’ असं टाकलं होतं (आर्टेटा आमचा मॅनेजर, तिकडं कोचला मॅनेजर म्हणतात), तुझ्यासारखंच, आणि मला तेव्हा शंभर टक्के खात्री होती. क्लबनं माझं ऐकलं नाही हे नशीब. त्यांनी मॅनेजर ठेवला आणि उलट प्लेअर बदलले, त्याच डिसेंबरात ओबामेयांगची कॅप्टन्सी काढली आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत तो बार्सिलोनाला गेला, म्हणजे टीमचा सगळ्यात मोठा गोल करणारा माणूस, आणि मी म्हणलं आता तर संपलंच. २०२३, २०२४, २०२५, तिन्ही वर्षं आम्ही दुसरे आलो. दुसरे येण्याचं दुःख काय असतं ते वेगळं पत्र होईल. पण सांगायचं एवढंच की साडेबाराला वाटलेली खात्री ही खात्री नसते, ती झोप न आल्याची चिडचिड असते.

आता तुमचं युनायटेड. तू आणि दादा दोघंही निम्मे निम्मे चुकताय असं गुळमुळीत मी म्हणणार नाही. माझं मत असं आहे की तुम्ही दोघं दहा वर्षं चुकीच्या दोन माणसांना पकडून भांडताय.

बघ ना. मॅनेजर फर्ग्युसन २०१३ ला रिटायर झाला तेव्हा टीम चॅम्पियन होती, ८९ गुण. जवळपास तीच टीम घेऊन डेव्हिड मॉयेस आला, सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट घेऊन, आणि सीझन संपायच्या आधीच घरी, युनायटेड सातवे, ६४ गुण. तेव्हा तू बारा-तेरा वर्षांचा असशील, तेव्हापासूनच तू ‘मॅनेजर हाकला’ पार्टीत असणार, कारण वरवर बघितलं तर केस एकदम क्लिअर आहे, प्लेअर तेच आणि मॅनेजर बदलला की पंचवीस गुण गायब. पण त्याच उन्हाळ्यात अजून एक माणूस गेला होता ज्याचं नाव कुणी काढत नाही, डेव्हिड गिल, म्हणजे क्लबचा कारभार बघणारा आणि प्लेअर आणून देणारा. डिफेन्समधले फर्डिनांड, विडिच, एव्हरा सगळे तिशी ओलांडलेले, स्कोल्स रिटायर, आणि नवीन कारभाऱ्यांनी आख्ख्या उन्हाळ्यात हाताला लागण्यासारखा आणला कोण तर ट्रान्सफरच्या शेवटच्या दिवशी फेलायनी. फर्ग्युसन म्हणजे जुनी शिसवी कडी, तिनं घर धरून ठेवलं होतं, आतून वाळवी लागलेली तिच्यामुळं दिसत नव्हती.

बरं मॉयेसचं सोड, तो छोट्या क्लबातनं आला म्हणू. मग व्हॅन गाल आला, त्यानं २०१६ ला एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्याला काढला. मग मोरिन्यो, त्यानं लीग कप आणि युरोपा लीग आणली, पुढच्या वर्षी ८१ गुणांनी दुसरा आला, आणि त्याच्या पुढच्या डिसेंबरात बाहेर. मग सोल्शायर, तोही एकदा दुसरा आला, मग लिव्हरपूलकडून घरात ५-०, वॉटफोर्डकडून ४-१, बाहेर. मग रांगनिक काही महिने, तो तर जाताना सांगून गेला की या क्लबला ओपन हार्ट सर्जरी लागेल. मग टेन हाग, पहिल्या वर्षी तिसरा आणि कप, दुसऱ्या वर्षी आठवा आणि परत कप, उन्हाळ्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं आणि ऑक्टोबरात काढला, हे तर माझ्या टाळक्यातच शिरलं नाही. मग आमोरिम, पोर्तुगालमध्ये चॅम्पियन झालेला, त्यानं उरलेल्या २७ लीग मॅचमध्ये २७ गुण घेतले आणि २०२४-२५ ला टीम पंधरावी आली. पंधरावी! वर युरोपा लीगची फायनल पण टॉटनहॅमकडून हरले, ते टॉटनहॅम लीगमध्ये सतरावं होतं.

हे सगळेच्या सगळे एकाच वेळी गाढव झाले का? यातले निम्मे तर इकडं यायच्या आधी युरोपात लीगा जिंकून आलेले. म्हणजे तुझी ‘मॅनेजर हाकला’ थिअरी इतक्या वेळा करून बघितली त्यांनी, आणि काही वेळा पहिले चार-सहा महिने बरं वाटलं आणि मग परत तेच. आपल्याकडं ताप १०४ वर गेला की डॉक्टर बदलतात, ताप तर उतरणारच असतो, आणि क्रेडिट नव्या डॉक्टरला नाहीतर कुणीतरी लावलेल्या अंगाऱ्याला. मॅनेजर पण नेहमी ताप चढलेला असतानाच बदलतात, टीम सगळ्यात खाली असते, तिथनं वर यायलाच जागा असते.

म्हणजे दादा बरोबर, प्लेअरच बेकार? थांब, नाही.

मॅकटॉमिने आठवतोय ना? युनायटेडच्या अकॅडमीत लहानाचा मोठा झालेला, दादाच्या यादीत तो नक्की ‘बिनकामाचा’ मध्ये असणार, मी पैज लावते. ऑगस्ट २०२४ ला त्याला इटलीतल्या नापोली क्लबला विकला. मे २०२५ मध्ये नापोली इटलीची चॅम्पियन, मॅकटॉमिनेचे लीगमध्ये १२ गोल आणि लीगचा सीझनचा बेस्ट प्लेअर पण तोच. आता त्याचे पाय तेच आहेत, डोकं तेच आहे, फक्त तिथला मॅनेजर कॉन्टे त्याला पेनल्टी बॉक्समध्ये पळायला लावायचा आणि इकडं त्याला बऱ्याचदा बचावासमोर उभा करून पास दे म्हणायचे, जे त्याला कधीच येत नव्हतं. अँटनीचं पण तसंच, ८ कोटी पौंडांच्या वर मोजून आणला, सगळ्या जगानं टिंगल केली, जानेवारी २०२५ ला स्पेनच्या बेटिसला उधार दिला आणि तिथं पोरगं फुललं, टीम युरोपातल्या एका फायनलपर्यंत पोचली. ८ कोटींचा तो नव्हताच, ते वेगळं, पण तो भाव त्यानं स्वतः ठरवला नव्हता.

नापोलीवर अजून जरा थांबते कारण तुमच्या दोघांच्या भांडणासाठी हा क्लब म्हणजे प्रयोगशाळा आहे. २०२२-२३ ला ९० गुण घेऊन चॅम्पियन, मॅनेजर स्पालेट्टी. तो गेला, प्लेअर आणणारा डायरेक्टर गेला, डिफेन्समधला किम जर्मनीच्या बायर्नला गेला, बाकी ओसिमेन, क्वारात्सखेलिया, कॅप्टन डी लोरेन्झो सगळे जागच्या जागी. पुढच्या वर्षी ५३ गुण आणि दहावे, एका सीझनमध्ये तीन मॅनेजर. त्याच्या पुढच्या वर्षी कॉन्टे आला आणि ८२ गुण, परत चॅम्पियन. हे वाचून तू लगेच उड्या मारशील की बघ ताई, मॅनेजरच सगळं! पण कॉन्टेला त्या वर्षी युरोपातल्या मॅचच नव्हत्या, आठवडाभर फक्त प्रॅक्टिस, आणि त्याला पाहिजे होता तसला मॅकटॉमिने, तसला लुकाकू आणून दिला. म्हणजे चांगला मॅनेजर, अधिक त्याला लागणारी माणसं, अधिक प्रॅक्टिसला वेळ. यातला वेळ हा शब्द लक्षात ठेव, तुझ्या टीमकडं येताना लागणार आहे.

दादासाठी पण एक केस ठेवलीय, नाहीतर म्हणेल ताई तुझ्याच बाजूनं. लेस्टर, इंग्लंडमधलाच एक छोटा क्लब. २०१६ ला चॅम्पियन, आख्खं जग त्यांच्या मॅनेजर रानिएरीच्या प्रेमात, आणि फेब्रुवारी २०१७ ला त्याला काढला तेव्हा नव्या वर्षात लीगमध्ये एक पण गोल झाला नव्हता. चारच दिवसांनी तेच प्लेअर लिव्हरपूलला ३-१ हरवतात, असे पळतात की बास, आणि लीगमधल्या ओळीनं पाच मॅच जिंकतात. मग महिनाभर आधी पाय कुठं गेले होते? हे मी कितीही समजून घेतलं तरी माफ होत नाही मला. रानिएरीनं काहीतरी बिघडवलं असेल, पण बॉल गेल्यावर मागं पळायला कुठली टॅक्टिक लागत नाही. हां, त्यांचा मिडफिल्डर कांटे २०१६ च्या उन्हाळ्यात चेल्सीला गेला होता आणि चेल्सी चॅम्पियन झाली हेही खरं, म्हणजे परत बघ, तिसरा माणूस आलाच, विकणारा.

मी कशी वाटणी करते सांगू? एक गोल खाल्ला तर प्लेअरचा. तसलाच गोल तिसऱ्यांदा खाल्ला तर कोचचा. मॅनेजर चार बदलले, प्लेअर चाळीस बदलले आणि तरी तेच होतंय तर मग मैदानावर बघायचंच नाही, वर व्हीआयपी बॉक्समध्ये कोण बसलंय ते बघायचं.

आपल्या देशाच्या टीमचं पण हेच चाललंय. कोच स्टिमाचला जून २०२४ ला काढला, मानोलो आला नि वर्षभरात गेला, मग खालिद जमील आला. ऑक्टोबर २०२५ ला आपल्या गोव्यात, फातोर्ड्याला, सिंगापूरकडून २-१ हरलो आणि फुटबॉलच्या आशिया कपात जायची संधी गेली. लोक लगेच खालिदवर. अरे, क्लबांमध्ये पुढं गोल करायच्या जागेवर सगळीकडं परदेशी, मग छेत्रीनंतर नंबर नऊ येणार कुठनं? आणि खालिद म्हणजे काय साधा माणूस नाही. मुंबई एफसीला वर्षानुवर्षं कोच होता, २०१६ ला तिथनं गेला, मिझोरामच्या ऐझॉलला गेला, जोडीला मुंबई एफसीतलेच जयेश राणे, आशुतोष मेहता. पुढच्या मे महिन्याच्या आत ऐझॉल आय-लीग (तेव्हाची देशाची मुख्य लीग) चॅम्पियन, जी टीम आदल्या वर्षी खाली ढकलली गेली होती आणि कशीबशी परत घेतली होती. आणि मुंबई एफसी त्याच सीझनला शेवटून पहिली. मुंबईत बसून ज्यांनी ठरवलं असेल की आता कोच बदलू या, त्यांची मला कधी कधी आठवण येते.

बरं, आता तुझ्या टीमकडं.

पत्रात तू तीन गोष्टी लिहिल्यास आणि तिन्ही अशा कडेकडेनं लिहिल्यास की जणू त्यांचा विषयाशी संबंधच नाही. सोळातले पाच-सहा प्रॅक्टिसला येतात. बाहेरचे दोन प्लेअर मंडळानं आणले, आठ दिवस आधी. आणि तुला दोन मॅच बाहेर बसवलं, ‘तो भाग वेगळा’.

तो भाग वेगळा नाहीये, भावा. मी तो मेसेज तुला बसवायच्या आधी आला असता तर त्याला टीमची काळजी म्हणले असते. तू वाईट पोरगा नाहीस, दुखलंय तुला, आणि दुखवणारा सख्खा भाऊ असला की जास्त दुखतं, बाकीच्यांपुढं तर अजूनच. पण दादाला तो मेसेज वाचताना हेच पहिलं दिसलं असणार, आणि बाकीच्या पंधरा जणांना पण. त्यामुळं तू कॉर्नरबद्दल जे बोलत होतास, आणि ते बरोबर होतं, ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

हो, बरोबर होतं. तीन वेळा सेम कॉर्नर म्हणजे दादाचीच चूक आहे. मी त्याला सोडणार नाही. पाच-सहाच जण आले तरी पाच जणांत कॉर्नरला कोण कुठं उभं राहायचं एवढं बसवता येतं, त्याला अकरा लागत नाहीत, जवळचा खांब एकानं धरायचा, त्यांच्या उंच माणसाला एकानं धरायचं, गोलकीपरच्या अंगावर कोण जातंय ते एकानं बघायचं, अर्ध्या तासाचं काम आहे. पहिल्या मॅचनंतर झालं पाहिजे होतं. चौथ्यापर्यंत झालं नाही ते कोचनं अंगावर घ्यायचं.

पण प्रॅक्टिसला न येणारे दहा जण, ते दादाच्या अंगावर कसे? कंपनीत शिफ्ट आहे, मान्य, लग्नसराई आहे, मान्य, पण मग मॅचच्या दिवशी सगळे सोळा बरोबर हजर असतात ना किट घालून? आमोरिमला निदान पगारी प्लेअर रोज सकाळी दारात मिळायचे, तरी बिचाऱ्याला त्याचे विंगबॅक (कडेनं वर-खाली पळणारे) सापडले नाहीत. तुझ्या दादाला तर कोण येणार तेच संध्याकाळी पाचला कळतं. तू स्वतः किती दिवस गेलास ते पत्रात लिहिलेलं नाहीस, मी दोनदा शोधलं.

आणि ते बाहेरचे दोघं. ते तर तुमचे ८ कोटीवाले अँटनी झाले. त्यांचा दोष नाही, त्यांना पैसे दिले, ते आले, कुणाचं नाव माहीत नाही, कोण डावखुरा ते माहीत नाही. दादाला न विचारता आणले, वर खेळवायचंच म्हणून सांगितलं, मग दोन जागा भरल्या आणि दोघांना बाहेर बसावं लागलं, आणि तू लेफ्ट बॅक म्हणतोस, जरा नीट आठवून बघ बरं तुझ्या जागेवर कोण खेळलं ते. मला पत्रावरून वाटतंय की तुला बसवणारा दादा नव्हताच. त्यानं तुला हे सांगितलं नाही कारण कोचनं मंडळाची भानगड प्लेअरपुढं काढायची नसते, निदान जुन्या पद्धतीच्या कोचनं तरी नाही. चुकत असेन तर कळव, पण आधी विचार त्याला.

काय करायचं ते सांगते. मेसेज डिलीट करत बसू नको, त्याचे स्क्रीनशॉट आख्ख्या पेठेत फिरून आलेत. ज्या ग्रुपवर टाकलास त्याच ग्रुपवर लिही की असं इथं बोलायला नको होतं, चुकलं. बास, दोन ओळी, त्यात ‘पण’ हा शब्द आला तर पाठवूच नको. दादा ग्रुपमध्ये नाही, पण त्याला अर्ध्या तासात कळेल, कोल्हापूर आहे.

मग प्रॅक्टिसला अर्धा तास आधी जा. तो कोन लावत असेल, नेटच्या गाठी मारत असेल, त्याला हात लाव आणि भाषण करू नको. भाऊ-भाऊ समोरासमोर बसून ‘आपण बोलूया’ असं करत नाहीत आपल्याकडं, उगाच अवघडल्यासारखं होतं. त्याला एवढंच विचार, ‘दादा, कॉर्नरला मी कुठं उभा राहू?’ यात तुझी माफी पण आली, तुझी तक्रार पण आली, आणि त्याला उत्तर द्यावंच लागेल कारण त्याच्याकडं या प्रश्नाचं उत्तर नाहीये हे त्याला पण माहितीय. चिडला तर चिडू दे. दुसऱ्या दिवशी परत जा.

मंडळाचं काम मात्र दोघांनी मिळून करायचं, आणि आत्ताच नाही, सीझन संपल्यावर. बाहेरचा माणूस आणायचा असेल तर कोचला विचारून आणा, आणि महिनाभर आधी आणा, एवढंच मागायचं. एकट्या दादानं मागितलं तर म्हणतील हरला म्हणून कारणं देतोय. एकट्या तू मागितलंस तर म्हणतील बसवला म्हणून रडतोय. ज्यानं ‘कोच बदला’ लिहिलं तोच कोचच्या बाजूला उभा राहून बोलतोय म्हणल्यावर अध्यक्षांना जरा खुर्चीत सावरून बसावं लागेल.

आणि युनायटेडची मॅच असली की परत एकत्र बघा. मॅनेजर आणि प्लेअर यावर भांडू नका म्हणत नाही मी, भांडा, पण यावेळी पैज लावून भांडा, जो हरेल त्यानं पुढच्या आठवड्यात त्या न येणाऱ्या दहा जणांना फोन करून उठवायचं. आईला तेवढं सांग की ताटं एकाच वेळी वाढ, कुणी उठून गेलं तर जाऊ दे.

कॉर्नरचं काय ठरलं ते नक्की कळव. मला वाटतं जवळचा खांब तुझाच आहे.

तुझी,
ताई